मुंबई ते कराची : पावणेनऊशे किलोमीटर आणि नव्वद वर्षं

आजचा भाग ऐकायला, म्हणजे इथे वाचायला, सुरुवात करण्याआधी एक छोटंसं काम करा. फोन हातात आहेच. विमानाची तिकिटं शोधायचं कुठलंही ॲप उघडा. 'कुठून' मध्ये मुंबई टाका आणि 'कुठे' मध्ये कराची.

मी परवा रात्री हेच केलं. तिकीट काढायचं नव्हतं, नुसती उत्सुकता. नकाशावर सरळ रेघ मारली तर मुंबई विमानतळ ते कराची विमानतळ हे अंतर साधारण पावणेनऊशे किलोमीटर भरतं. मुंबई-दिल्ली साडेअकराशेच्या आसपास आहे. मुंबई-चेन्नईसुद्धा हजाराच्या वर. म्हणजे कराची आपल्याला दिल्लीपेक्षा, चेन्नईपेक्षा जवळ. जेट विमानाला दीड तास पुरतो. चहा येतो, कप परत नेतात, तेवढ्यात उतरायची वेळ.

पण ॲप काय दाखवतं? थेट विमान नाही. दुबईमार्गे जा, नाहीतर आखातातल्या दुसऱ्या एखाद्या शहरामार्गे. मुंबई-दुबई एकोणीसशे किलोमीटरच्या वर, दुबईहून मागे वळून कराचीला पुन्हा बाराशेच्या जवळपास. एकूण तीन हजारांच्या पुढे. सगळं जुळून आलं, मधला थांबा छोटा मिळाला, तरी सात-आठ तास. नाही जुळलं तर अख्खा दिवस.

हा सात तासांचा आकडा लक्षात ठेवा. कारण याच दोन शहरांमधलं पहिलं टपाल-विमान 1932 साली साधारण तेवढ्याच वेळात आलं होतं. एक इंजिन, एक वैमानिक, रेडिओ नाही, आणि मध्ये पेट्रोल भरायला थांबलं तेव्हा पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आलेले!

तर आज या एका रेघेची गोष्ट. अंतर तसूभर बदललं नाही. वेळ मात्र कमी झाला, वाढला, पुन्हा कमी झाला, पुन्हा वाढला. का, ते बघू.

एकाच इलाख्यातली दोन शहरं

आधी एक गोष्ट, जी आपल्याला शाळेत कुणी फारशी सांगत नाही. ब्रिटिशांच्या काळात सिंध हा मुंबई इलाख्याचा भाग होता. 1 एप्रिल 1936 ला तो वेगळा प्रांत झाला. तोपर्यंत कराचीचा कारभार मुंबईच्या गव्हर्नरच्या हाताखाली चालायचा. कराचीतल्या कॉलेजची पोरं मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा द्यायची, आणि हे तर पार 1947 पर्यंत चाललं.

कारभार मुंबईचा म्हटल्यावर मराठी माणसं तिथे जाणारच. कारकून, शिक्षक, वकील, पोस्टातले, रेल्वेतले. कराचीत आजही एक जुनी, भव्य शाळा आहे, एनजेव्ही म्हणून ओळखतात तिला. हे एनजेव्ही म्हणजे नारायण जगन्नाथ वैद्य! एकोणिसाव्या शतकात सिंधमध्ये शिक्षण खात्याचे अधिकारी असलेले मराठी गृहस्थ. 1855 साली सुरू झालेली ही सिंधमधली पहिली सरकारी शाळा. पाकिस्तानातल्या सगळ्यात मोठ्या शहरात वैद्य आडनावाची शाळा उभी आहे, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी दोनदा वाचून खात्री केली होती.

तेव्हा ये-जा व्हायची ती बोटीने, नाहीतर रेल्वेने लांबचा वळसा घालून. सरळ किनाऱ्याने रेल्वे नव्हती, कारण मध्ये कच्छचं रण आडवं पसरलेलं. नकाशा बघा, मुंबईहून कराचीला जाणारी सरळ रेघ समुद्र, सौराष्ट्र, कच्छचं आखात आणि खाड्यांवरून जाते. जमिनीवरून चालणाऱ्याला ती रेघ सापडत नाही, ती विमानालाच सापडते.

टपाल कराचीत येऊन अडायचं

30 मार्च 1929. लंडनहून इम्पीरियल एअरवेज या कंपनीची कराचीपर्यंतची सेवा सुरू झाली. सात दिवसांचा प्रवास. आणि तोही सगळा हवेतून नाही हं! लंडनहून स्वित्झर्लंडपर्यंत विमान, तिथून इटलीतल्या जेनोआपर्यंत चक्क रेल्वे, मग पाण्यावर उतरणाऱ्या विमानाने इजिप्त, आणि पुढे बगदाद, बसरा, इराणचा किनारा, ग्वादर करत कराची. आजच्या आपल्या दृष्टीने हास्यास्पद वाटेल, पण बोटीने तीन आठवड्यांच्या आसपास लागायचे. त्यापुढे सात दिवस म्हणजे जादूच.

कराची का? कारण युरोपातून आखाताच्या कडेकडेने येणाऱ्या विमानाला हिंदुस्थानातलं पहिलं मोठं शहर तेच लागायचं. ब्रिटिशांना तर तिथे हवाई जहाजंही आणायची होती. आर-101 या अवाढव्य हवाई जहाजासाठी कराचीत एक प्रचंड हँगर बांधून तयार ठेवला होता. ते जहाज काही पोचलं नाही. ऑक्टोबर 1930 मध्ये इंग्लंडहून कराचीकडे निघाल्यावर पहिल्याच रात्री फ्रान्समध्ये कोसळलं. हँगर मात्र पुढे कित्येक वर्षं रिकामा उभा होता.

असो. टपाल कराचीपर्यंत झपाट्याने यायचं. पुढे मुंबई, मद्रास आणि दक्षिणेकडची पत्रं मात्र रेल्वेच्या वेगाने. ज्या व्यापाऱ्याने लंडनहून आलेल्या भावावर कापसाचा सौदा ठरवायचा, त्याला ही शेवटच्या टप्प्यातली रखडपट्टी परवडणारी नव्हती.

हे हेरलं नेव्हिल व्हिन्सेंट नावाच्या दक्षिण आफ्रिकी वैमानिकाने. ब्रिटिश हवाई दलातून बाहेर पडलेला हा माणूस, हिंदुस्थानात विमानातून फिरलेला. कराचीहून टपाल उचलायचं आणि मुंबईमार्गे मद्रासला पोचवायचं, अशी योजना घेऊन तो टाटांकडे आला. तिथे त्याला भेटले जेआरडी. वय पंचविशीतलं, विमानाचं वेड लागलेलं, आणि फेब्रुवारी 1929 मध्ये हिंदुस्थानात दिलेला पहिला वैमानिक परवाना खिशात. कंपनीचे प्रमुख दोराबजी टाटा काही एकदम तयार झाले नाहीत. जॉन पीटरसन या टाटांकडच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने त्यांची समजूत काढली म्हणतात. भांडवल दोन लाख रुपये. सरकारशी पत्रव्यवहार मात्र वर्षानुवर्षं चालला. अनुदान मिळालं नाहीच.

15 ऑक्टोबर 1932

आता त्या सकाळी येऊ. कराचीचं ड्रिघ रोड विमानतळ. विमानाचं नाव पस मॉथ. एक इंजिन, 120 हॉर्सपॉवरचं, म्हणजे आजच्या एखाद्या मध्यम एसयूव्हीइतकं. पंख कापडाने मढवलेले. वेग ताशी शंभर मैल, म्हणजे 160 किलोमीटर. आत टपालाची पिशवी, वजन 55 पौंड. किलोत सांगायचं तर पंचवीस. आपण विमानात चेक-इन करतो त्या दोन बॅगा धरा.

जेआरडींनी सकाळी साडेसहाच्या सुमाराला विमान उचललं. खाली ना कुठला रेडिओ संकेत, ना वर कुणी 'डावीकडे वळा' सांगणारं. खाली बघायचं, नकाशा बघायचं, होकायंत्र बघायचं. मुक्काम पहिला अहमदाबाद. तिथे पेट्रोल भरलं गेलं आणि ते डबे बैलगाडीवर लादून आणले होते. हा तपशील मला फार आवडतो. त्या एका क्षणी हिंदुस्थानातलं सगळ्यात नवं वाहन आणि सगळ्यात जुनं वाहन एकमेकांशेजारी उभं होतं, आणि नवं वाहन जुन्याची वाट बघत होतं!

तिथून मुंबई. जुहूला विमान उतरलं तेव्हा दुपारचे दोन वाजायचे होते. कराची-अहमदाबाद-मुंबई, हवेतलं अंतर हजार किलोमीटरच्या थोडं वर, वेळ सव्वासात तासांच्या आसपास. जुहूहून व्हिन्सेंटने दुसरं विमान घेतलं, बेल्लारीला रात्र काढली आणि टपाल मद्रासला नेलं.

आता मघाचा मुद्दा जोडा. कराची, अहमदाबाद, मुंबई. 1932 साली ही तिन्ही शहरं एकाच मुंबई इलाख्यात होती. आपण ज्याला आज 'दोन देशांमधला प्रवास' म्हणतो, तो त्या दिवशी जवळजवळ नाशिक-पुणे-कोल्हापूरसारखा घरगुती मामला होता. पासपोर्ट नाही, कस्टम नाही, आणि घड्याळाचा गोंधळ सोडला तर दुसरी कसली कटकट नाही.

जुहूबद्दल थोडं. तेव्हाचं जुहू विमानतळ म्हणजे समुद्राला लागून असलेलं चिखलाचं मैदान. पावसाळ्यात तिथे पाणी साचायचं आणि मग सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलवायचा. म्हणजे मुंबईचं टपाल पावसाळ्यात पुण्यात उतरायचं. पुणेकर श्रोत्यांनी आता कमेंट करू नका, मला कळतंय तुम्ही काय म्हणणार ते.

1933 या पहिल्या पूर्ण वर्षात टाटांच्या विमानांनी 1,60,000 मैल उड्डाण केलं, 155 प्रवासी नेले आणि दहा टनांच्या आसपास टपाल. नफा साठ हजार रुपये. प्रवासी अर्थातच दुय्यम, जागा उरली तर बसायचं. याच सेवेतून पुढे एअर इंडिया झाली, ते तुम्हाला माहीत असेलच.

रेघ तुटते

ऑगस्ट 1947. एका रात्रीत तो घरगुती मामला परदेशप्रवास झाला. निदान कागदावर. प्रत्यक्षात पहिले काही महिने या रेघेवर इतकी माणसं कधी नव्हती तितकी होती. सिंधमधले हिंदू बोटींनी, विमानांनी, रेल्वेने इकडे येत होते, मुंबईतले कित्येक मुसलमान तिकडे जात होते. कल्याणजवळच्या रिकाम्या लष्करी छावण्यांमध्ये सिंधी निर्वासितांना ठेवलं. 1949 साली त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. म्हणजे आपल्या लोकलच्या मार्गावरचं एक आख्खं शहर या रेघेमुळे जन्माला आलं. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना वाटत होतं की गडबड शमली की परत जाऊ. कुलपं लावून आले होते.

जुलै 1948 मध्ये परमिटची पद्धत आली. 1952 मध्ये पासपोर्ट आणि व्हिसा. 1951 मध्ये पाकिस्तानने स्वतःची प्रमाणवेळ ठरवली, आपल्यापेक्षा अर्धा तास मागे. त्यामुळे एक गंमत झाली. मुंबईहून दहाला निघालेलं जेट विमान कराचीला अकराला उतरायचं, दीड तास उडूनसुद्धा!

तरीही विमानं चालू होती. पन्नाशीच्या दशकात मुंबई-कराची हा नेहमीचा मार्ग होता. मग 1965 चं युद्ध झालं आणि सगळं थांबलं. राजस्थानातून मुनाबावमार्गे सिंधला जाणारी रेल्वेही थांबली. ती थेट 2006 साली थार एक्स्प्रेस म्हणून परत सुरू झाली, म्हणजे चाळीस वर्षांनी. आणि ऑगस्ट 2019 मध्ये पुन्हा बंद.

1971 ची गोष्ट वेगळी आहे, कारण तेव्हा वळसा त्यांना पडला. 30 जानेवारी 1971 ला 'गंगा' नावाचं इंडियन एअरलाइन्सचं विमान अपहरण करून लाहोरला नेलं आणि तिथे जाळलं. भारताने 4 फेब्रुवारीपासून पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जायला बंदी केली. तेव्हा पाकिस्तानचे दोन तुकडे होते, पश्चिम आणि पूर्व, आणि मध्ये आपण. कराचीहून ढाक्याला जायचं तर आता अख्ख्या भारताला वळसा घालून, श्रीलंकेमार्गे. अंतर जवळजवळ दुप्पट. त्यानंतर दोनच महिन्यांत पूर्व पाकिस्तानात संघर्ष पेटला, आणि सैन्याची माणसं याच लांब रस्त्याने न्यावी लागली. आकाश बंद करणं हे शस्त्र आहे, हे तेव्हा दोन्ही बाजूंना नीट कळलं. मला वाटतं, पुढच्या प्रत्येक वेळच्या बंदीचं मूळ त्या वर्षात आहे.

1976 मध्ये विमानं परत सुरू झाली.

अठ्ठ्याहत्तर वर्षांचा वैमानिक

आणि मग 15 ऑक्टोबर 1982. त्या पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं पूर्ण झाली. जेआरडी तेव्हा 78 वर्षांचे होते. त्यांनी ठरवलं, तोच प्रवास पुन्हा करायचा. तसंच छोटं, जुनं विमान, लेपर्ड मॉथ. कराचीहून मुंबई. तिसाव्या वाढदिवसाला, म्हणजे 1962 मध्येही त्यांनी हे केलं होतं. तेव्हा पाच दिवसांनी चीनचं आक्रमण सुरू झालं, म्हणून त्याची आठवण जरा झाकोळली गेली असावी.

1982 च्या उड्डाणाची बातमी करताना सगळ्यांनी वयावर भर दिला. साहजिक आहे. पण मला दुसरीच गोष्ट दिसते. तोच माणूस, तोच मार्ग, तशीच छोटीशी मशीन. 1932 मध्ये नुसतं विमान उचलायचं होतं. 1982 मध्ये त्याच उड्डाणाला दोन सरकारांची परवानगी लागली. आणि तरी ती मिळाली! विशेष म्हणजे तेव्हा तिकडे लष्करी राजवट होती. आज कुणी शंभराव्या वर्षाला, म्हणजे 2032 मध्ये, असं उड्डाण करायचं ठरवलं तर? तुम्हीच सांगा.

व्हिसाची खिडकी किती लांब?

विमानाचा वेळ आपण मोजला. पण प्रवास विमानात बसल्यावर सुरू होत नाही ना. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत कराचीतला भारतीय वकिलात आणि मुंबईतला पाकिस्तानी वकिलात, दोन्ही बंद झाले. तेव्हापासून कराचीच्या माणसाचा मुंबईचा व्हिसा 2025 पर्यंत इस्लामाबादहून मिळायचा, आणि मुंबईच्या माणसाचा कराचीचा व्हिसा दिल्लीहून. म्हणजे ज्या शहरात जायचंय ते पावणेनऊशे किलोमीटरवर, आणि परवानगीची खिडकी साडेअकराशेवर. मिळालेला व्हिसाही देशाचा नसतो, ठरावीक शहरांचा असतो. कराचीचा व्हिसा असेल तर लाहोरला जाता येत नाही. बहुतेकांना पोचल्यावर पोलिसांकडे नोंद करावी लागते, निघताना पुन्हा.

हा वेळ कुठल्याच ॲपमध्ये दिसत नाही. तो आठवड्यांत, महिन्यांत मोजावा लागतो. मुंबईत भेंडीबाजारपासून मुंब्र्यापर्यंत अशी घरं आहेत जिथे आत्या, मावशी, चुलतभाऊ कराचीत आहेत. लग्न ठरतं, तारीख ठरते, पत्रिका छापून होतात, व्हिसा येत नाही. मयतीचं तर बोलायलाच नको. दीड तासाच्या अंतरावरचं माणूस व्हिडिओ कॉलवर मातीला जातं. आणि कराचीत अजून काही मराठी कुटुंबं आहेत, दरवर्षी गणपती बसवणारी. त्यांचीही हीच कथा, दिशा उलटी.

पुढचा इतिहास पटकन सांगतो, कारण तो तुमच्या-माझ्या डोळ्यांसमोरचा आहे. डिसेंबर 2001 मध्ये संसदेवर हल्ला झाला, 2002 च्या सुरुवातीपासून विमानं बंद. 1 जानेवारी 2004 पासून परत सुरू. फेब्रुवारी 2019 मध्ये बालाकोट, पाकिस्तानने आकाश बंद केलं ते जुलैच्या मध्यापर्यंत. एप्रिल 2025 मध्ये पहलगामचा हल्ला, आणि काही दिवसांत दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आकाश बंद केलं. मग महिन्यामागून महिना मुदतवाढ. दिल्लीहून युरोपला जाणारी आपली विमानं आता गुजरातकडे खाली उतरून अरबी समुद्रावरून जातात, तास-दीड तास जास्तीचा. मुंबईहून निघणाऱ्यांना तितका फरक पडत नाही, आपला रस्ता तसाही समुद्रावरूनच.

ज्यांच्याकडे तिकीट नसतं

शेवटची गोष्ट विमानाची नाही, पण याच रेघेवरची आहे. पालघर, डहाणू, तलासरीकडची कित्येक माणसं गुजरातच्या मच्छीमार बोटींवर खलाशी म्हणून जातात. जखाऊ, ओखा या बाजूला समुद्रात काही रेघ आखलेली नसते. मासळीमागे बोट पुढे सरकते आणि पाकिस्तानची सागरी सुरक्षा दलाची बोट येऊन पकडते. मग कराचीचा मलीर तुरुंग. त्यांच्याकडचे मच्छीमारही असेच आपल्या तुरुंगात असतात.

शिक्षा काही महिन्यांची. सुटका मात्र दोन देशांमध्ये बोलणी होऊन, नागरिकत्वाची खात्री होऊन, यादी ठरून मग होते, त्यात वर्षं जातात. आणि सुटल्यावर? कराचीतून डहाणू समुद्राने समोरच म्हणायचं. पण आजवर सुटलेल्यांना आधी कराचीहून लाहोरला नेलं, बाराशे किलोमीटर. तिथून वाघा. वाघ्याला सीमा चालत ओलांडायची. मग अमृतसर, आणि तिथून रेल्वेने खाली गुजरात, आणि मग घर. सगळं मिळून तीन हजार किलोमीटरच्या आसपास, दुबईमार्गे विमानाने जितकं होतं तितकंच. जे तुरुंगातच वारले, त्यांचे मृतदेह याच रस्त्याने आले आणि घरी पोचायला महिन्याहून जास्त लागल्याची उदाहरणं आहेत.

जुहूला आजही ती धावपट्टी आहे. आता तिथून मुख्यतः हेलिकॉप्टर उडतात, त्यातली बरीचशी समुद्रातल्या तेलविहिरींकडे जाणारी. कधी त्या बाजूला गेलात तर कुंपणापलीकडे बघा. पंचवीस किलोची पिशवी तिथेच उतरली होती, दुपारी दोनच्या आत.

तुमच्या घरात, शेजारात कुणी कराचीहून आलेलं असेल, किंवा कुणाचं कुणी तिकडे असेल, तर त्यांच्याशी बोला आणि जमलं तर मला आवाजी संदेश पाठवा. कसे आले, किती दिवस लागले, एवढंच विचारा. बाकीचं ते स्वतःच सांगतील. पुढच्या भागात भेटू.